रिव्हॉल्व्हर उकळायचं असतं

रिव्हॉल्व्हर उकळायचं असतं हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं समोरचा माणूस टिंगल करतोय. जुनी गंजलेली रिव्हॉल्व्हर जमवून ठीकठाक करायचा मला नाद आहे, आणि आता इतके सुटे भाग उकळून झालेत की घरातलं एक मोठं पातेलं कायमचं त्याच कामाला लागलंय. एकदा आईशी व्हिडिओ कॉल चालू होता आणि फोन चुकून शेगडीकडे वळला. आई म्हणाली, "अरे, ते काय शिजतंय?" मी म्हटलं, नळी आहे. "कसली नळी?" बंदुकीची. मग जरा वेळ कोणीच काही बोललं नाही. "बरं, पण ते पातेलं परत स्वयंपाकात घेऊ नकोस हां," एवढंच म्हणाली आणि विषय बदलला.

तर उकळायचं का? लाल गंज सैल असतो, फुगतो, ओल धरून ठेवतो आणि आपल्या खालचं लोखंड खातच राहतो. तोच भाग डिस्टिल्ड पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळला की त्या लाल गंजाचा काळा गंज होतो, मॅग्नेटाइट म्हणतात तो, आणि हा काळा मात्र शहाणा असतो, घट्ट बसतो आणि पुढे खात नाही. बाहेर काढल्यावर भागावर काळ्या मखमलीसारखी लव दिसते, ती तेल अजिबात नसलेल्या बारीक स्टील वूलने हलक्या हाताने पुसायची आणि परत उकळायचं. तीन-चार फेऱ्यांत जिथे नारिंगी भुसा होता तिथे निळसर काळी कातडी तयार होते. जुने गनस्मिथ नळीला रंग द्यायचे ते पण असंच, मुद्दाम गंज चढवायचा, उकळायचा, घासायचा, परत चढवायचा. यात मला सगळ्यात आवडतं ते हे की धातू खरवडून निघत नाही, आहे तोच गंज कामाला लावायचा. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं तर गंज जातो पण उरलासुरला जुना रंग पण त्याच्याबरोबर जातो आणि हातात येतं ते मेलेल्या माशासारखं करडं लोखंड. हे मी करून बघितलंय म्हणून सांगतो.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही काडतुसं रुळायच्या आधीची रिव्हॉल्व्हर, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचं धाकटं भावंड, फक्त एकाऐवजी सहा वेळा ठासायचं. सिलिंडरच्या, म्हणजे मधल्या फिरत्या नळकांड्याच्या, प्रत्येक चेंबरमध्ये (म्हणजे भोकात) पुढून काळी दारू, त्यावर शिशाची गोल गोळी जी मुद्दाम चेंबरपेक्षा किंचित मोठी घेतात (.४४ च्या रिव्हॉल्व्हरला .४५१ किंवा .४५४, .३६ ला .३७५ च्या आसपास, आकडे इंचांत), मग नळीखालच्या लिव्हरने ती दाबून आत बसवायची. दाबताना गोळीच्या कडेने शिशाची बारीक अंगठी सोलून निघते, ती निघाली म्हणजे चेंबर नीट बंद झालं. शेवटी मागच्या सहा निपलांवर, म्हणजे पोकळ बोंडांवर, आपटलं की पेटणारा मसाला भरलेल्या तांब्याच्या इवल्याशा टोप्या. घोडा टोपीवर आपटतो, जाळ निपलच्या भोकातून आत जातो, झालं. काळी दारू म्हणजे तीच शेकडो वर्षांची, ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. धूर इतका की पहिल्या बारानंतर टार्गेट दिसतच नाही.

आणि गंमत म्हणजे काडतुसं १८५०च्या दशकातच आली होती, तरी अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) रिव्हॉल्व्हर बाळगणारे बहुतेक जण हीच टोपीवाली घेऊन लढले, कारण सिलिंडरला आरपार भोक पाडून मागून काडतूस घालायचं पेटंट रोलिन व्हाइट नावाच्या माणसाचं होतं, १८५५ चं, आणि ते स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीने आपल्याकडे बांधून घेतलं होतं. १८६९ ला ते संपेपर्यंत बाकीचे सगळे अडकले. म्हणजे मी जे जमवतो त्यातलं निम्मं तरी एका पेटंटच्या कृपेने अस्तित्वात आहे.

माझं पहिलं रिव्हॉल्व्हर म्हणजे कोल्ट कंपनीच्या १८५१ नेव्ही मॉडेलची रेप्लिका, म्हणजे नंतरच्या काळातली नक्कल. कोणाच्या तरी गॅरेजमधल्या खोक्यातून आलेली, सिलिंडर जाम, पाचर जाम, मुठीवर जुन्या टेपचा चिकट थर. विकणारा म्हणाला खूप जुनं आहे, पणजोबांचं वगैरे. मलाही ते खरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन फ्रेमवरची घाण पुसली तर खाली छोट्याशा चौकटीत दोन अक्षरं, ए आणि ई. इटलीत प्रत्येक बंदूक प्रूफ हाउसमधून तपासून शिक्का मारून बाहेर पडते आणि त्या शिक्क्यांत वर्षाचं कोड असतं, १९७४ पर्यंत रोमन आकड्यांत आणि १९७५ पासून अक्षरांत, एए म्हणजे १९७५, एबी म्हणजे १९७६, असं मोजत गेलं की एई येतं १९७९ ला. पणजोबा गेले बिचारे. शेजारी पीएन असं पण होतं, म्हणजे पोल्व्हेरे नेरा, काळी दारू. हे सगळं ब्रेशियाजवळच्या वाल त्रोंपिया खोऱ्यातल्या गार्दोने गावाकडून येतं, जिथे कित्येक पिढ्या बंदुकाच करतायत. १९५० च्या दशकाच्या शेवटी व्हॅल फॉर्गेट नावाच्या अमेरिकन माणसाने तिथे जाऊन जुन्या कोल्टच्या नकला करून घ्यायला सुरुवात केली, नेव्ही आर्म्स त्याची कंपनी, उबेर्ती आणि ग्रेगोरेल्ली हे तिकडचे सुरुवातीचे कारागीर, आणि लगेच १९६१ ला यादवी युद्धाची शताब्दी आली त्यामुळे लोकांनी त्या उचलल्या. आज मिळणाऱ्या बहुतेक रेप्लिका त्याच खोऱ्यातल्या किंवा आजूबाजूच्या.

आता पाचर. कोल्टच्या उघड्या फ्रेमचं सगळं गणित एका पाचरीवर आहे. फ्रेममधून एक जाड दांडा पुढे येतो, आर्बर, त्यावर सिलिंडर फिरतो, त्यावर पुढून नळी चढते, आणि नळीतून व आर्बरमधून आडवी एक पाचर ठोकली की सगळं एकसंध. वरून काहीच पट्टी नाही. पाचर काढली की पिस्तूल तीन तुकड्यांत हातात येतं, साफ करायला इतकं सोपं डिझाइन नंतर फार कमी झालं असं माझं मत आहे. माझी पाचर मात्र गंजून बसलेली. ॲसिटोन आणि ट्रान्समिशन ऑइल अर्धं अर्धं मिसळून रोज दोन थेंब, नऊ दिवस, आणि दहाव्या दिवशी पितळी ठोक्याने एकच टण्. त्या आवाजाचं सुख काय सांगू.

उघडल्यावर आत दिसलं की हँडची स्प्रिंग मोडलीय. हँड म्हणजे घोड्याला अडकवलेलं बोट, घोडा मागे ओढला की ते वर सरकतं आणि सिलिंडरला एक घर पुढे ढकलतं. त्याच्या पाठीला एक पातळ पट्टीची स्प्रिंग ठोकून बसवलेली असते आणि ती मोडणं म्हणजे या रिव्हॉल्व्हरांचं सर्दी-पडसं, सगळ्यांना होतं. नवीन भाग मागवायचा तर वाट बघायला लागणार होती म्हणून केसाला लावायची साधी काळी पिन घेतली, तोडली, वाकवली, खाचेत घालून कडा ठोकून घट्ट केल्या. तात्पुरतं म्हणून केलं होतं. अजून चालू आहे.

मग टायमिंग. इथे मी सगळ्यात जास्त रात्री घालवल्यात. सिलिंडरला खाली छोट्या खाचा असतात, फ्रेममधून बोल्ट वर येऊन त्यात अडकतो तेव्हा चेंबर नळीसमोर कुलूपबंद होतं. नीट लागलेल्या रिव्हॉल्व्हरात बोल्ट खाचेच्या जरासा आधी, तिथे जी उतरती वाट कोरलेली असते तिच्यावर पडतो आणि घोडा पूर्ण चढतो त्याच क्षणी खाचेत खटकन बसतो. लवकर पडला तर सिलिंडरभोवती चकचकीत रेघ उमटते. हँड आखूड असेल तर घोडा चढला तरी सिलिंडर अर्धवट, म्हणजे गोळी नळीच्या कडेला घासून शिसं थुंकणार. बोल्टच्या पायावर कानस एकदा, फक्त एकदा फिरवायची, सगळं जोडायचं, बघायचं, परत उघडायचं. दोनदा फिरवायचा मोह झाला की तो भाग फुकट गेला असं समजा. कानशीने काढता येतं, चढवता येत नाही. माझ्याकडे फुकट गेलेल्या बोल्टांची एक डबी आहे.

काही रेप्लिकांत आणखी एक दुखणं असतं, आर्बर नळीतल्या भोकाच्या तळाला टेकतच नाही. मग पाचर जितकी ठोकाल तितकी नळी मागे सरकते आणि शेवटी सिलिंडरला चिकटून तो फिरायचा थांबतो. तपासायची युक्ती सोपी आहे, सिलिंडर काढायचा, नळी आडवी फिरवून आर्बरवर पूर्ण दाबायची आणि नळीचा खालचा भाग फ्रेमच्या कडेशी कसा जुळतो ते बघायचं, तो फ्रेमच्या कडेवर चढून पुढे गेला तर आत पोकळी आहे. भोकात मापाची पोलादी चकती टाकली की आयुष्यभराचं काम होतं. ओरिजनल कोल्टमध्ये हा प्रॉब्लेम नसायचा, तिथे टेकायचं म्हणजे टेकायचं.

ओरिजनलचा विषय निघालाच आहे तर माझं पाप सांगून टाकतो.

रेप्लिकेवर दोन-तीन वर्षं हात साफ झाल्यावर मला वाटायला लागलं की आता येतं आपल्याला. आणि एक खरं रेमिंग्टन मिळालं, न्यू मॉडेल आर्मी, .४४, लोक ज्याला १८५८ म्हणतात ते. (१८५८ हे नुसतं नळीवरच्या पेटंटचं साल, १४ सप्टेंबर १८५८, हे मॉडेल प्रत्यक्षात निघालं १८६३ पासून. पण आता कोणाला सुधारायला जाणार, मी पण १८५८च म्हणतो.) रेमिंग्टन मला कोल्टपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं, वरून पट्टी असलेली बंद फ्रेम, पाचर नाही, लिव्हर खाली करून मधली पिन ओढली की सिलिंडर बाजूला निघतो. हे होतं ते तपकिरी झालेलं पण अख्खं. मूठ मात्र काळीकुट्ट, दीडशे वर्षांचं तेल, घाम, धूळ सगळं मुरलेलं. मी २२० नंबरचा पॉलिश पेपर घेतला.

अर्ध्या तासात खालून अक्रोडाचं लाकूड लालसर उघडं पडलं, इतकं सुंदर की मी खुळ्यासारखा खुश. मग ४००, मग जवसाच्या तेलाचे पाच हात, रोज एक. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून चार लोकांना पाठवला पण.

पुढच्या महिन्यात ते एका म्हाताऱ्या कलेक्टरला दाखवलं, पन्नास वर्षं यातच घालवलेला माणूस. त्याने हातात घेतलं, पहिलं काम म्हणजे रिकामं आहे का बघितलं, मग डावी बाजू दिव्याखाली तिरपी धरली आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग म्हणाला, "इथला शिक्का कुठे गेला?"

कसला शिक्का ते मला माहीतच नव्हतं. सैन्याने घेतलेल्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर तपासनीस आपला शिक्का मारायचा, लांबट गोल चौकट आणि आत वळणदार लिपीत त्याच्या नावाची आद्याक्षरं. लाकडात अगदी वरवर उमटलेला असतो, पहिला पॉलिश पेपर फिरला की संपला. घरी येऊन मी तो 'आधीचा' फोटो मोठा करून बघितला. होता. घाणीखाली अर्धा अंडाकार दिसत होता आणि एका अक्षराची शेपटी, जे असेल किंवा वाय असेल. म्हणजे यादवी युद्धाच्या काळात कोणीतरी एका टेबलावर हे रिव्हॉल्व्हर उघडून, तपासून, चालेल म्हणून ठसा मारला होता, तो सगळ्या युद्धातून आणि पुढच्या दीडशे वर्षांतून वाचला, आणि माझ्याकडून अर्ध्या तासात वाचला नाही. त्या म्हाताऱ्याने रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने नुसतं मुठीच्या कडेवरून अंगठा फिरवून दाखवला, लाकूड आता लोखंडापेक्षा खाली गेलं होतं. कारखान्यातून निघताना लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर असतं, त्यामुळे नखाने सुद्धा कळतं कोणाची मूठ घासलीय. आता मी दुसऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरवर तेच करून बघतो.

तेव्हापासून माझा कायदा आहे, ओरिजनलला फक्त तेल, मऊ कापड आणि वॅक्स. मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचं पॉलिश, १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या लोकांनी तयार केलेलं, त्याचा पातळ हात. चालू गंज असेल तरच उकळणं, आणि तेही लाल काळा करण्यापुरतं, चमकवायला नाही. पितळ तर अजिबात चमकवायचं नाही, कोल्टच्या पितळी मुठीवर बऱ्याचदा चांदीचा मुलामा असायचा आणि त्याचे शेवटचे कण कोपऱ्यात, स्क्रूच्या आजूबाजूला लपलेले असतात, एकदा ब्रासो लावलं की गेले. मोडलेली स्प्रिंग बदलायची असेल तर मोडकी फेकायची नाही, पाकिटात घालून नंबर लिहून ठेवायची. हात शिवशिवले तर इटालियन आहेतच. त्यांना घासा, निळं करा, उकळा, जुनं दिसावं म्हणून रंग उतरवा, कोणाचं काही जात नाही.

म्हणजे जात नाही असं मी म्हणायचो, तोपर्यंत ग्रिसवोल्ड प्रकरण झालं नव्हतं.

ग्रिसवोल्ड अँड गनिसन म्हणजे यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या बाजूचं रिव्हॉल्व्हर, जॉर्जियातल्या ग्रिसवोल्डव्हिल गावात १८६२ पासून बनलेलं, कोल्ट नेव्हीची नक्कल पण फ्रेम पितळेची, कारण दक्षिणेकडे पोलादाची बोंब. कामावरचे बहुतेक कारागीर गुलाम होते, नावं त्यांची कुठेच नाहीत, रिव्हॉल्व्हरवर नुसते सिरीयल नंबर. जेमतेम साडेतीन हजारांच्या वर काही शे झाली असतील, तोवर नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या स्वारीत त्यांच्या घोडदळाने कारखाना जाळला. इतकं दुर्मिळ आणि रेप्लिका ढिगाने, म्हणजे खोट्याला मोकळं रान. आणि मला एक 'मिळालं'. सुंदर झिजलेलं, शिक्के नाहीत, जुना वास, सगळं. मी दोन रात्री झोपलो नाही.

तिसऱ्या दिवशी एक निपल तुटकं होतं ते बदलावं म्हणून बाहेर काढलं. समोर माझी सुट्या भागांची डबी होती, त्यातलं इटालियन रेप्लिकेचं निपल सहज खेळत खेळत भोकाला लावलं. दोन बोटांनी फिरवलं. गेलं. गेलं म्हणजे तळापर्यंत, लोण्यासारखं. इटालियन निपलचे आटे मेट्रिक असतात, सहा मिलिमीटर व्यासाला पाऊण मिलिमीटर अंतराने. १८६३ साली जॉर्जियात कोणी मेट्रिक आटे पाडत नव्हतं.

मग पुढचं सगळं आपोआप दिसायला लागलं. पितळ पिवळंधमक, खऱ्या ग्रिसवोल्डचं तांब्याकडे झुकणारं लालसर असतं. सिलिंडर गुळगुळीत, खऱ्याचे सिलिंडर पीळ दिलेल्या लोखंडाचे असल्यामुळे नीट बघितलं तर पिळाच्या तिरक्या रेषा दिसतात. नळीच्या खालच्या बाजूला लिव्हर हलवून बघितलं तर जिथे प्रूफचा शिक्का असतो तिथे बरोब्बर एक उथळ खळगा, कानशीने घासून वर गंज चढवलेला. कोणीतरी इटालियनला घासलं, उकळलं, जुनं केलं. माझ्यासारखाच हात, कदाचित माझ्यापेक्षा बरा. विकणाऱ्याने पैसे परत केले नाहीत, त्याला पण फसवलं होतं म्हणाला, असेल. ते रिव्हॉल्व्हर मी ठेवलंय, आणि मुठीच्या आत, कोणी उघडल्यावरच दिसेल अशा जागी, 'रेप्लिका' असं कोरून टाकलंय. जुनं दिसणारं जे काही मी बनवतो त्यात आता हे करतोच.

पितळी फ्रेमवरून एक आठवलं, .४४ ची पितळी फ्रेमची कोल्ट रेप्लिका दिसली की लोक भुलतात कारण दिसते झकास. इतिहासात असं काही नव्हतं, पितळी होती ती .३६ ची. आणि .४४ मध्ये दारू भरपूर भरली की पितळ हळूहळू ताणतं, सिलिंडरच्या मागे फ्रेमवर सिलिंडरचाच ठसा उमटतो, आर्बर ढिला होतो. सेकंडहँड घेताना सिलिंडर काढून तो ठसा आधी बघा. गोल नक्षी दिसली की नमस्कार करून निघा.

जास्त दारूचा उल्लेख झालाच तर वॉकर. १८४७ चं, कॅप्टन सॅम्युएल वॉकर आणि सॅम्युएल कोल्ट यांच्या पत्रव्यवहारातून आलेलं, वजन दोन किलोच्या वर, एका चेंबरमध्ये साठ ग्रेन म्हणजे जवळजवळ चार ग्रॅम दारू. कोल्टचा पॅटर्सन गावातला पहिला धंदा १८४२ ला बुडाला होता, स्वतःचा कारखाना नव्हता म्हणून ही एली व्हिटनी ज्युनिअरच्या कारखान्यात बनवून घेतली, हजार सैन्याला आणि शंभरेक बाहेर विकायला. त्या काळच्या लोखंडाला इतकी दारू झेपत नव्हती, बरेच सिलिंडर फुटले. शिवाय बार झाला की धक्क्याने लिव्हर खाली पडायचा आणि पुढचा बार अडायचा. माझ्याकडे वॉकर रेप्लिका आहे, लोखंड आजचं त्यामुळे फुटत नाही, पण लिव्हर मात्र इतिहासाला धरून दर बाराला पडतो. चामड्याची वादी बांधून ठेवतो.

रेंजवर मी फार जात नाही. जातो तेव्हा टोपीचे तुकडे घोड्याच्या खाचेत पडून सगळं अडकणं हा ठरलेला कार्यक्रम, विशेषतः कोल्टमध्ये. खरं काम घरी आल्यावर असतं. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते, एक रात्र तशीच ठेवलीत तर सकाळी नळीत लाल पावडर. गरम पाणी आणि साबण, दुसरं काही नाही, पाणी लागलं की त्यातल्या गंधकाच्या क्षारांमुळे सडक्या अंड्याचा वास घरभर. मग कोरडं करायचं, तेल लावायचं, दुसऱ्या दिवशी परत एकदा कापड फिरवून बघायचं. ज्यांना स्वच्छतेचा कंटाळा आहे त्यांनी नुसतं भिंतीवर लावायला घ्यावं.

कायद्याचं एका ओळीत, कारण विचारतात. अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे १८९८ किंवा त्याआधी बनलेलं अँटीक, आणि काडतूस न लागणाऱ्या टोपीवाल्या रेप्लिका पण त्यातच मोडतात, पण राज्याराज्याचे नियम वेगळे आणि देश बदलला की सगळंच वेगळं, तेव्हा आधी आपल्या ठिकाणचं बघा, मग घ्या.

आता टेबलावर जे आहे त्याबद्दल, म्हणजे ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो होतो. ओरिजनल १८६० आर्मी आलंय, .४४, गोल नळी. झिजलंय पण खरं आहे, नंबर फ्रेमवर, नळीवर, चापाच्या कड्यावर, मुठीच्या पट्टीवर सगळीकडे तोच. सिलिंडरवर कोरलेली कांपेचेच्या आरमारी लढाईची नक्षी अर्धी दिसते. तेव्हा स्वतंत्र देश असलेल्या टेक्सासच्या नौदलाने कोल्टची सुरुवातीची पिस्तुलं घेतली होती म्हणून त्याने त्यांची लढाई आपल्या सिलिंडरवर छापली, ऑर्म्सबी नावाच्या नक्षीकाराकडून. जिथे म्यानात घासलं तिथली जहाजं बुडालीत, दुसऱ्या बाजूला एक शीड आणि '१६ मे १८४३' मधला 'मे' एवढं शिल्लक. मी वॅक्सचा हात मारून कपाटात ठेवणार होतो. निपलं सहाही जाम, राहू देत, ओरिजनल आहे, आपल्याला कुठे उडवायचंय.

पण जुनं रिव्हॉल्व्हर घरात आलं की आधी एक लाकडी काडी घेऊन प्रत्येक चेंबरमध्ये पुढून घालायची आणि पेन्सिलने खूण करायची हा नियम, काहीही झालं तरी. पहिलं चेंबर, खूण. दुसरं, तीच खूण. तिसरं, चौथं, पाचवं, तीच. सहाव्यात काडी खुणेच्या चांगली अर्धा इंच वर अडकली.

टॉर्च टाकली तर गंज आणि धूळ, बाकी काही नाही. घट्ट झालेली घाण असू शकते, किंवा शिसं. शिशावर करडी बुरशी चढली की ते आतल्या गंजासारखंच दिसतं. आणि काळी दारू कोरडी राहिली तर ती दीडशे वर्षांत मरत नाही, नुसती वाट बघत बसते. पहिल्यांदा असं झालं होतं तेव्हा मी सरळ सिलिंडर सोडवून एका जाणत्या गनस्मिथकडे नेला होता आणि त्याने मला शेजारी उभं करून दाखवलं की घाई कशी करायची नसते. यावेळी पण तसंच, सिलिंडर वेगळा काढलाय, सहावं चेंबर पुढून आणि मागून तेलात मुरतंय, आज बारावा दिवस. निपल हललं की मागून ओलं करून सगळं बाहेर काढता येईल, हललं नाही तर परत त्याच्याकडे.

काल आईचा फोन आला होता. आता तिला पण या सगळ्याची नावं यायला लागलीयत, विचारते, "ते नवीन आणलंस ते उकळलंस का रे?"

म्हटलं, हे नाही उकळायचं.